घरातला नॅस हॉलमध्ये गेलं की दिसत नाही आणि कॉपी ११ एमबीच्या वर जात नाही, मदत हवीय

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी, राहायला कासारवडवलीला, टू बीएचके, घरात आम्ही चौघं आणि बाबा. बाबांनी गेल्या तीसेक वर्षांत काढलेले फोटो, माझ्या लग्नाच्या टेप ज्या मागे कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, पोरांचे फोनमधले व्हिडिओ, आणि सगळ्यात जपायचं म्हणजे आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, बाबांनी गावी कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या त्या आता डिजिटल करून घेतल्यात. सगळं मिळून साधारण ७०० जीबी, आणि ते तीन पोर्टेबल डिस्क नि दोन लॅपटॉपवर विखुरलेलं, कशात काय आहे ते फक्त बाबांना माहीत. म्हणून गेल्या महिन्यात दोन डिस्कचा छोटा नॅस, म्हणजे घरातल्या नेटवर्कला जोडायची फाइल साठवायची पेटी, घेतला, ४-४ टीबीच्या दोन डिस्क टाकल्या, मिरर केलं, म्हणजे दोन्हींवर सारखंच लिहिलं जातं. फोनवरून सेटअप झाला, तिथपर्यंत काही अडलं नाही.

आता अडचणी. पहिली, कॉपी लावली की स्पीड सेकंदाला ११ एमबीवर जाऊन बसतो, कधी ११.२ कधी १०.९, पण १२ कधीच नाही. रात्री लावून झोपलो तरी सकाळी अर्ध्याच्या थोडंच पुढे. दुसरी, बेडरूममध्ये लॅपटॉपवर नॅस दिसतो, तोच लॅपटॉप हॉलमध्ये नेला की गायब, टीव्हीवर तर एकदाही दिसला नाही. तिसरी, परवा पाऊस सुरू असताना दोनदा लाईट गेली, आल्यावर लॅपटॉपवर नॅससाठी बनवलेल्या झेड ड्राइव्हवर लाल फुली, उघडतच नाही, नॅस मात्र चालू आहे. चौथी, बाबांचा नवीन लॅपटॉप विंडोज ११ चा, त्यावर नॅस दिसतो पण आत जायला गेलं की गेस्ट अ‍ॅक्सेस ब्लॉक केलाय असं काहीतरी संस्थेच्या सुरक्षा धोरणाचं येतं. बाबा रिटायर होऊन बारा वर्षं झाली, कुठली संस्था?

मांडणी सांगतो. फायबरवाल्याचा डबा दाराजवळ शू रॅकच्या वर, त्यातून भिंतीतल्या पाइपमधून एक केबल बेडरूममध्ये, तिथे माझा स्वतःचा राउटर, खोक्यावर १२०० एमबीपीएस लिहिलेला, आणि नॅस त्या राउटरला. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो डिस्क स्लो असतील, बदलून महागाच्या घ्या. पैसे घालायला तयार आहे पण कशात घालायचे ते कळल्याशिवाय नको.

ऐरोली_सेक्टर_८

घोडबंदरकर, डिस्क अजिबात बदलू नका. मी नेटवर्किंगचंच काम करतो, आणि तुम्ही आकडा इतका नीट दिलाय की अर्धं उत्तर त्यातच आहे.

१०० मेगाबिटच्या लाइनमधून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट जाऊ शकतात, कारण आठ बिटांचा एक बाइट, त्यातून पाकिटांवरचा पत्ता वगैरेची जागा वजा केली की हातात ११ ते साडेअकरा उरतात. आजची साधी डिस्कसुद्धा याच्या दसपटीच्या आसपास लिहिते. डिस्क स्लो असती तर स्पीड वरखाली नाचला असता, एका आकड्यावर असा तासन्‌तास चिकटला नसता. म्हणजे वाटेत कुठेतरी १०० चा गळा आहे आणि सगळं त्यातून थेंब थेंब जातंय. ७०० जीबीला या वेगाने साडेसतरा-अठरा तास लागतात, तेही मोठ्या फाइल असल्या तर, लाखभर छोटे फोटो असतील तर अजून जास्त. गिगाबिटची, म्हणजे १००० मेगाबिटची, लाइन नीट लागली तर ११० च्या आसपास मिळेल, म्हणजे तेच काम पावणेदोन तासांत.

गळा शोधायचा कसा, तर नॅसच्या पानावर नेटवर्कमध्ये जा, तिथे लिंक स्पीड लिहिलेला असतो, १०० आहे की १००० ते बघा. १०० असेल तर संशय दोघांवरच, केबल किंवा राउटरचं पोर्ट. खोक्यावरच्या १२०० वर जाऊ नका, ती २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्‌झचे ८६७ अशी बेरीज असते, मागच्या पिवळ्या पोर्टांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. या किमतीतल्या बऱ्याच राउटरना मागे अजून १० / १०० चीच पोर्टं येतात, खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

हॉलमधलं गायब होणं वेगळं आहे. तुमच्या घरात दोन राउटर आहेत, फायबरवाल्याचा डबाही राउटरच आहे आणि त्याचं स्वतःचं वायफाय आहे, बरोबर? मग घरात एक नाही, दोन नेटवर्क आहेत, एकाच्या पोटात दुसरं. सोसायटीचं मेन गेट आणि आत तुमच्या विंगचं वेगळं गेट असं समजा. विंगमधला माणूस बाहेर जाऊ शकतो, पण मेन गेटपर्यंत आलेल्याला विंगचा वॉचमन नाव माहीत नसेल तर आत सोडत नाही. नॅस विंगच्या आत बसलाय, हॉलमध्ये गेल्यावर लॅपटॉप डब्याच्या वायफायवर उडी मारतो आणि बाहेर पडतो. टीव्ही पहिल्यापासून बाहेरच असणार. तपासायला लॅपटॉपचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बेडरूममध्ये बघा आणि हॉलमध्ये बघा, तिसरा आकडा बदलला, म्हणजे एकीकडे १९२.१६८.०.काहीतरी आणि दुसरीकडे १९२.१६८.१.काहीतरी आलं, की खात्री झाली.

लाईट गेल्यावरचं बहुतेक आयपी बदलल्याने असेल. ते शेवटी करू, आधी हे दोन बघून या.

कळवेकर

ऐरोलीवाल्या दादांनी केबलचं म्हटलंय त्यावर माझा अनुभव सांगतो कारण मी यात दोन महिने घालवलेत. आमच्या बिल्डिंगमध्ये बिल्डरनेच भिंतीत केबल टाकून दिलेली, चांगली कॅट फाइव्ह ई, छापलेलं दिसत होतं, तिच्यात गिगाबिट १०० मीटरपर्यंत आरामात जायला पाहिजे, पण माझाही ११ वरच अडकायचा. राउटर गिगाबिटचा, लॅपटॉप गिगाबिटचा, काहीच कळेना. शेवटी भिंतीवरची पट्टी उघडली तर इलेक्ट्रिशियनने आठ तारांपैकी नारिंगी आणि हिरवी जोडी नेटला लावलेली, निळी जोडी टेलिफोनला, आणि तपकिरी तशीच गुंडाळून ठेवलेली. १०० ला दोन जोड्या पुरतात म्हणून नेट व्यवस्थित चालतं आणि कोणाला संशय येत नाही, गिगाबिटला चारही जोड्या लागतात, एक जरी सुटली तरी दोन्ही टोकं आपसात ठरवून गुपचूप १०० वर उतरतात. चारही जोड्या नीट लावून घेतल्या, दोन्ही बाजूंना रंगांचा क्रम सारखा ठेवून, आणि त्याच केबलवर १००० आला. नवीन केबल ओढायची वेळ आली नाही. भिंतीतली केबल असेल तर हे नक्की बघा.

घोडबंदरकर

दोघांचे मनापासून आभार, काल रात्री बसलोच.

नॅसच्या पानावर १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स लिहिलंय. केबल बदलून बघितली, शेजारच्यांकडची नवी कोरी कॅट सिक्स लावली, तरी १००. मग राउटरचं खोकं माळ्यावरून काढलं, बाजूला बारीक अक्षरात ४ लॅन पोर्ट १० / १००. दोन वर्षं हा राउटर वापरतोय, आणि ही ओळ कधी वाचलीच नव्हती.

आयपी पण बघितले, बेडरूममध्ये ०, हॉलमध्ये १. तुम्ही न बघता सांगितलंत.

आता राउटर टाकून नवा घ्यायचा का? चांगला चालतोय हो, बेडरूममध्ये रेंज त्याच्यामुळेच आहे.

ऐरोली_सेक्टर_८

टाकायचा नाही. त्याला राउटरच्या कामातून मोकळा करायचा आणि फक्त वायफाय द्यायला ठेवायचा.

नॅस उचलून हॉलमध्ये फायबरच्या डब्याजवळ न्या. पण थांबा, डब्याच्या मागे बघा आधी, कित्येक डब्यांना एकच पोर्ट गिगाबिटचं असतं आणि बाकीची १०० ची, पोर्टाजवळ जीई (गिगाबिट) नि एफई (१०० चं) किंवा एकावर वेगळ्या रंगाचं वर्तुळ असं काहीतरी असतं. एकच गिगाबिट असेल तर पाच पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच, म्हणजे एका केबलच्या अनेक करणारी डबी, आणा, हजार-दीड हजारात येतो, सेटिंग काही नसतं, फक्त वीज आणि केबल लावायच्या. खोक्यावर १० / १०० / १००० असं तिन्ही लिहिलेलं हवं, एवढं एकच बघा. डब्याच्या गिगाबिट पोर्टातून स्विचमध्ये, स्विचमधून नॅस, आणि बेडरूमला जाणारी केबलही स्विचमधूनच.

मग बेडरूमचा राउटर. त्याच्या पानावर ऑपरेशन मोडमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट असेल तर तेवढं निवडा, स्वतःच रीस्टार्ट होईल, विंगचं गेट गेलं आणि सगळे एकाच सोसायटीत आले. तो पर्याय नसेल तर हाताने करता येतं पण क्रम चुकवू नका. आधी राउटरचा स्वतःचा लॅन (घराच्या बाजूचा) आयपी डब्याच्या रांगेतला द्या, उदाहरणार्थ डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, तो पत्ता डबा दुसऱ्या कोणाला वाटत नसेल याची खात्री करून. मग त्या नव्या पत्त्यावर परत लॉगिन करून डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा, आणि सगळ्यात शेवटी भिंतीतून येणारी केबल वॅनच्या (बाहेरून नेट येणाऱ्या) पोर्टातून काढून लॅनच्या कुठल्याही पोर्टात घाला. केबल आधी हलवलीत तर दोघेही पत्ते वाटायला लागतील आणि अर्धे फोन नेटवरून पडतील. दोन्हीकडच्या वायफायला एकच नाव आणि एकच पासवर्ड द्या, फोन आपले आपण जवळचं पकडतात, फक्त २.४ चे चॅनल वेगळे ठेवा, एकीकडे १ तर दुसरीकडे ६ किंवा ११.

एक खरं ते सांगतो, बेडरूमच्या वायफायवर स्पीड तेव्हाही ११ च राहील, कारण त्या राउटरच्या पोटात शिरणारी वाट १०० चीच आहे. फोटो बघायला, पिक्चर बघायला तेवढं पुष्कळ होतं. पहिली मोठी कॉपी मात्र वायफायवर करूच नका, लॅपटॉप हॉलमध्ये आणून स्विचला केबलने जोडा. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबी ३ चा गिगाबिट अ‍ॅडॅप्टर घ्या, स्वस्तातला यूएसबी २ वाला बहुधा १०० चाच असतो, परत तिथेच याल.

लाईटचं आता. राउटर लाईट आल्यावर पत्ते नव्याने वाटतो, नॅसला गेल्या वेळी ५ मिळाला असेल तर या वेळी ८, आणि तुमचा झेड ड्राइव्ह अजून ५ चं दार वाजवतोय. डब्याच्या पानावर डीएचसीपी रिझर्व्हेशन असतं, तिथे नॅसचा (प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच मिळणारा) मॅक अ‍ॅड्रेस टाकून कायमचा एक पत्ता बांधून द्या. काही डब्यांत फायबरवाल्यांनी ते पान बंद ठेवलेलं असतं, तसं असेल तर नॅसमध्येच स्थिर आयपी भरा, पण डबा ज्या रांगेतून वाटतो त्याच्या बाहेरचा, नाहीतर एकाच पत्त्यावर दोघं राहायला येतील. गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे डब्याचा पत्ता) आणि डीएनएस (साइटच्या नावाचा पत्ता शोधून देणारा) भरायला विसरू नका, नाहीतर नॅस घरात दिसेल पण अपडेट उतरवू शकणार नाही.

खारघरवासी

बाबांच्या लॅपटॉपचं मी सांगते, कारण माझ्या सासऱ्यांच्या लॅपटॉपवर हेच झालं होतं. विंडोज ११ चं २४एच२ म्हणून जे २०२४ चं अपडेट आहे त्यात मायक्रोसॉफ्टने दोन गोष्टी कडक केल्या, बिनपासवर्डचा गेस्ट म्हणून शेअरमध्ये शिरणं बंद, आणि एसएमबीच्या, म्हणजे विंडोज ज्या भाषेत नेटवर्कवरच्या फाइली मागतं तिच्या, प्रत्येक संदेशावर सही लागते. गेस्टला पासवर्डच नाही तर सही कशाच्या जोरावर करणार, म्हणून तो दारातच अडतो. संस्थेचं धोरण वगैरे हा त्यांचा ठरलेला मजकूर आहे, घरच्या लॅपटॉपवरही तोच येतो, बाबांना सांगा काळजीचं काही नाही.

नेटवर याचे उपाय शोधलेत तर ग्रुप पॉलिसीत जाऊन गेस्ट परत चालू करा, सही बंद करा, एसएमबी १ चालू करा असे सल्ले ढिगाने मिळतील. कृपया करू नका. एसएमबी १, म्हणजे त्याच भाषेची जुनी आवृत्ती, विंडोजने २०१७ पासून नव्या इन्स्टॉलमध्ये बंद ठेवलंय, आणि त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो त्याच्यातल्याच भोकातून. त्यापेक्षा नॅसवर बाबांच्या नावाने एक युजर बनवा, पासवर्ड द्या, फोटोंच्या फोल्डरवर त्याला परवानगी द्या, आणि गेस्ट बंदच करून टाका. मग लॅपटॉपवर एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि नॅसचा आयपी टाकून एंटर मारा, युजर-पासवर्ड विचारेल, आठवणीत ठेव वर टिक.

इथे दोन ठिकाणी लोक अडकतात. एक, बाबा तिथे लॅपटॉप उघडायचा पिन टाकतील, तो नाही चालत, नॅसवरचा पासवर्डच लागतो. दुसरं, आधी चुकीचं काही टाकून झालेलं असेल तर विंडोज तेच चुकीचं मुकाट्याने परत परत पाठवत राहतं, तुम्हाला विचारतही नाही. कंट्रोल पॅनलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर आहे, त्यातली नॅसच्या नावाची किंवा आयपीची नोंद काढून टाका, लॅपटॉप रीस्टार्ट करा, मग नव्याने. आमच्याकडे याच एका नोंदीपायी दोन रविवार गेले.

कळवेकर

ताई, थोडं विषय सोडून विचारतो, मला नॅस परवडत नाहीये, घरी रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर) पडून आहे आणि एक पोर्टेबल डिस्क, त्यावर होईल का?

खारघरवासी

होतं, मी दीड वर्ष तेच वापरलं. पाय ४ ला गिगाबिट पोर्ट आणि यूएसबी ३ दोन्ही आहेत, ओपनमीडियाव्हॉल्ट (नॅस बनवायचं सॉफ्टवेअर) टाकलं की ब्राउझरमधून सगळं चालवता येतं, जुना पाय ३ बी प्लस असता तर नको म्हटलं असतं कारण त्याचं गिगाबिट यूएसबी २ वरून जातं. फक्त विजेकडे लक्ष द्या. त्याच्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, पोर्टेबल डिस्क फिरायला सुरू होताना तेवढ्यात भागलं नाही की मध्येच निसटते, कॉपी अर्धवट, आणि तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसता. स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घाला आणि पायला ३ अँपिअरचा त्याचाच चार्जर द्या, मोबाइलचा नको. डिस्क एक्सटी४ मध्ये (लिनक्सच्या फाइल पद्धतीत) फॉरमॅट करा, त्याआधी तिच्यावरचं सगळं दुसरीकडे काढून घ्या.

मी सोडलं ते लाईटमुळे, पावसाळ्यात चार वेळा झटका बसला आणि एसडी कार्डावरची सिस्टिमच गेली. डिस्कवरचा डेटा वाचला. तुम्ही केलंत तर सेटअप झाल्यावर कार्डाची इमेज काढून ठेवा.

नौपाडेकर

सगळ्यांनी छान सांगितलं आहे. मी वयाने मोठा आहे म्हणून एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो, घोडबंदरकर, राग मानू नका. तुम्ही लिहिलंत की दोन डिस्क टाकून मिरर केलं, आणि त्यापुढे बॅकअपबद्दल एक अक्षर नाही. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. आरशात तुम्ही कपाळाची टिकली पुसलीत तर आरशातलीही पुसली जाते. नातवाने चुकून फोल्डर डिलीट केलं की दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी गेलं. रॅन्समवेअरने (पैसे उकळणाऱ्या व्हायरसने) फाइल कुलूपबंद केल्या की दोन्हीकडच्या झाल्या. नॅसचा अ‍ॅडॅप्टर जळताना दोन्ही डिस्क घेऊन गेला तर दोन्ही गेल्या. मिरर फक्त एवढ्यासाठी की एक डिस्क मेली तरी घरात काम थांबू नये, बाकी कशापासून तो वाचवत नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो सगळ्यांना आठवतो, त्या दिवशी आम्ही तळमजल्यावर राहत होतो. कपाटाच्या खालच्या कप्प्यात अल्बम होते आणि त्यांच्याच शेजारी निगेटिव्हचं पाकीट, म्हणजे मूळ आणि प्रत एकाच कप्प्यात. दोन्ही गेलं. माझ्या आईचा तरुणपणीचा एकही फोटो आज माझ्याकडे नाही. म्हणून सांगतो, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. तुमच्याकडे तीन पोर्टेबल डिस्क आहेतच. नॅसवर सगळं गेलं की त्यातली एक रिकामी करून नॅसच्या यूएसबीला लावा, नॅसमध्येच बॅकअपचं अ‍ॅप असतं, त्याला रविवारी चालायला सांगा. दुसरीवर महिन्याने एक प्रत काढा आणि ती नातेवाइकांकडे ठेवा. आजीच्या ओव्या फार जागा घेणार नाहीत, त्या तर पेनड्राइव्हवर घालून घरातल्या प्रत्येकाला द्या.

आणि नॅसवर कॉपी करताना कट-पेस्ट अजिबात करू नका, कॉपीच करा. झाल्यावर दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा, पंधरा-वीस व्हिडिओ नॅसवरूनच मधूनमधून चालवून बघा, आणि जुन्या डिस्क निदान दोन महिने पुसू नका.

तुमच्या डिस्क कुठल्या आहेत ते लिहिलं नाहीत. दुकानात विचारताना सीएमआर की एसएमआर एवढा एकच प्रश्न विचारायचा असतो, या डिस्कवर लिहायच्या दोन पद्धती, सीएमआरमध्ये पट्टे शेजारी-शेजारी सुटे असतात. एसएमआरमध्ये पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. नुसतं साठवायला ठीक, पण मिररमधली एक डिस्क बदलून नवी भरताना ती फार वेळ खाते, कधी नॅस कंटाळून तिला बादच ठरवतो. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्यांतही हे बघावं लागतं, वेस्टर्न डिजिटलच्या नुसत्या रेडमध्ये २ ते ६ टीबीच्या एसएमआर आहेत, रेड प्लस सीएमआर आहे, सीगेटच्या आयर्नवुल्फ सीएमआर आहेत. मॉडेल नंबर कंपनीच्या पानावर टाकून बघा.

यूपीएस घ्या. ६०० व्हीएचा पुरेल, पण मागे यूएसबीचं डेटा पोर्ट असलेलाच मागा, दुकानात समोर दिसणाऱ्या स्वस्तातल्यांना ते नसतं. ती केबल नॅसला लागली की लाईट गेल्यावर नॅसला निरोप मिळतो आणि तो डिस्क थांबवून स्वतः नीट बंद होतो.

घोडबंदरकर

काका, राग कसला. बाबांना तुमचं वाचून दाखवलं, त्यांनी लगेच माळ्यावरचं कपाट उघडून मूळ कॅसेट काढल्या आणि वेगळ्या डब्यात भरून माळ्यावरून खाली आणल्या, तिथे उन्हाळ्यात फार तापतं म्हणून.

शनिवारी सगळं केलं. फायबरच्या डब्याला खरंच एकच जीई निघालं, स्विच आणला. राउटरमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंटचा पर्याय होता, निवडला, आणि नंतर त्याचं पान उघडेना, अर्धा तास घाम फुटला, मग लक्षात आलं की त्याला आता डब्याने नवा पत्ता दिलाय, डब्याच्या यादीत बघितला आणि सापडला. कोणी करणार असेल तर हे आधीच लिहून ठेवा.

लिंक स्पीड १०००. लॅपटॉप केबलने जोडून व्हिडिओंचं फोल्डर लावलं, १०८ ते ११२. फोटोंना मात्र ३० ते ५० च मिळाला, छोट्या फाइली म्हणून असेल. आणि कॉपी झाल्यावरही रात्रभर डिस्क कुरकुरत होत्या, नॅस फोटोंच्या छोट्या प्रती बनवत बसलाय असं दिसलं, सकाळी शांत झाला. रिझर्व्हेशन झालं, मुद्दाम मेन स्विच बंद करून बघणार होतो पण यूपीएस यायचाय म्हणून थांबलो. बाबांच्या लॅपटॉपवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुनी नोंद होतीच, काढली, चालू. ताई, तुमचे दोन रविवार आमचे वाचले. डिस्क आयर्नवुल्फ आहेत काका.

आता दोन शंका. ४ टीबीच्या डिस्कची ३.६ च जागा का दिसते, फसवलं का? आणि बहीण पुण्याला असते, तिलाही फोटो बघायचेत, तर एका व्हिडिओत राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करायला (बाहेरून थेट नॅसपर्यंत वाट उघडायला) सांगितलंय, केलं पण चालत नाही.

ऐरोली_सेक्टर_८

आधी ते पोर्ट फॉरवर्ड काढून टाका, आत्ताच, मग पुढचं वाचा.

ते चालत नाहीये हे तुमचं नशीब. डब्याच्या पानावर इंटरनेट किंवा वॅनचा आयपी बघा, १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच घरांना मिळून दिलाय आणि बाहेरून तुमच्या दारापर्यंत वाटच नाही. सार्वजनिक आयपी असता तर तुमच्या नॅसचं लॉगिनचं पान अख्ख्या जगासाठी उघडं पडलं असतं. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने असेच इंटरनेटवर उघडे ठेवलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस शोधून शोधून कुलूपबंद केले, घरोघरचे फोटो होते त्यात, आणि किल्लीसाठी बिटकॉइन मागितले. कंपनी कुठलीही असो, नॅस थेट बाहेर उघडायचा नाही.

बहिणीसाठी टेलस्केल बघा. नॅसवर आणि बहिणीच्या फोनवर तेच अ‍ॅप टाकायचं, घरगुती वापराला फुकट आहे, वायरगार्डवर (सुरक्षित जोडणीच्या एका पद्धतीवर) चालतं आणि सीजीनॅट असला तरी आतून बाहेर जाऊन जोडणी करतं, राउटरमध्ये काहीच उघडावं लागत नाही. तिला नॅसवर वेगळा युजर द्या, फक्त बघण्याची परवानगी, डिलीटची नको. आणि नॅसचा मूळ अ‍ॅडमिन युजर बंद करून दुसऱ्या नावाने अ‍ॅडमिन बनवा, त्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा.

३.६ ची फसवणूक नाही. डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात, नॅस १०२४ च्या, ४ टीबीचे त्या हिशोबाने ३.६४ च होतात.

नौपाडेकर

स्मार्ट टेस्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच केलेली तिची तपासणी, लावायची राहिली. महिन्यातून एकदा लांबवाली टेस्ट रात्रीची लावून ठेवा आणि इशाऱ्याचा ईमेल तुमचा नि बहिणीचा दोघांचा द्या, एकटाच असला की तो न वाचलेल्यांत राहतो. अहवालात ५ आणि १९७ या दोन ओळी बघत चला, बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) आणि बदलायच्या रांगेतले सेक्टर, शून्य आहेत तोवर ठीक, चढायला लागले की वॉरंटी बघायची. १९९ (वाटेत चुकलेल्या डेटाची मोजणी) वाढला तर डिस्कपेक्षा जोडणीवर संशय घ्या, डिस्क काढून परत घट्ट बसवा.

घोडबंदरकर

फॉरवर्ड काढलं. आयपी १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅटच. टेलस्केल टाकलं, बहिणीने पुण्याहून काल रात्री उघडलं, तिच्या बारशाचा फोटो तिने पहिल्यांदाच बघितला, तासभर फोनवर होती.

यूपीएस आलाय, डेटा पोर्टवाला. नॅसने ओळखला, मुद्दाम प्लग काढला तर पाच मिनिटांनी नॅस स्वतः बंद झाला, परत लावल्यावर पत्ता तोच, झेड ड्राइव्ह उघडला. टीव्हीवर पण दिसतो आता, बाबांनी आधी ओव्या लावल्या. दोन ठिकाणी टेप घासल्याचा आवाज येतो, तिथे आजी काय म्हणतेय ते बाबा स्वतः म्हणून सांगत होते, मुलीने ते फोनवर रेकॉर्ड करून त्याच फोल्डरमध्ये टाकलंय.

एक पोर्टेबल डिस्क नॅसला कायमची लावलीय, दर रविवारी पहाटे बॅकअप. दुसरीवरची प्रत काढून झालीय, फाइली मोजल्या, जुळल्या, ती या रविवारी वाशीला मामाकडे ठेवायला नेतोय. तिसरी दिवाळीपर्यंत पुसत नाही.